जावयाचे पणजोबा आणि क्वेबेकमधली चर्चची जुनी दप्तरं

नातीला शाळेत वंशवृक्षाचा तक्ता करायचा होता. आमच्या बाजूची फांदी अर्ध्या तासात भरली, कारण घराण्याचा छापील कुलवृत्तांत माझ्या ट्रंकेत आहे. तो वीस वर्षांपूर्वी मी इकडे मॅसॅच्युसेट्सला येताना उगाचच बरोबर आणला होता. जावयाच्या बाजूची फांदी मात्र त्याच्या आजोबांपाशी थांबली. "आमचे लोक कॅनडातून इथल्या गिरण्यांत कामाला आले," यापलीकडे त्याच्या घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. आडनाव ऐकायला अस्सल इंग्रजी, पण त्याची आजी शेवटपर्यंत जपमाळ फ्रेंचमध्ये म्हणायची.

तीन हिवाळे त्या फांदीत गेले. त्यातून जे शिकले ते इथे सांगते. इकडे आपल्या लोकांच्या सोयरिकी आता अशा घरांतही होऊ लागल्या आहेत, तेव्हा कुणाला तरी उपयोग होईल.

आधी हे लोक कोण ते पाहू. 1608 साली फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लँने आजच्या कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठी क्वेबेक वसवलं, 1634 मध्ये त्र्वा-रिव्हिएर झालं, 1642 मध्ये माँट्रियल. वस्ती अगदी विरळ होती. 1666 साली ज्याँ तालाँ या अधिकाऱ्याने घरोघर शिरगणती केली, तेव्हा सगळ्या वसाहतीत मिळून 3,215 युरोपीय माणसं भरली. आपल्याकडे यात्रेच्या दिवशी एखाद्या खेड्यातही याहून जास्त माणसं जमतात! बायका कमी म्हणून फ्रान्सच्या राजाने 1663 ते 1673 या काळात सुमारे 800 मुली आणि तरुण विधवा स्वखर्चाने तिकडे धाडल्या. त्यांना 'राजाच्या लेकी' म्हणतात. 1665 मध्ये कारिन्याँ-सालिएर पलटणीचे हजारावर शिपाई आले आणि त्यांतले सुमारे 400 तिथेच राहिले. आजचे लाखो फ्रेंच कॅनेडियन बहुतांशी या अशा मूठभर माणसांचे वंशज. 1840 ते 1930 या काळात त्यांतले सुमारे 9 लाख लोक दक्षिणेला अमेरिकेत उतरले. लोएल, मँचेस्टर, वूनसॉकेट, ल्युइस्टन अशा गावांत सूतगिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि कोकणातून माणसं गिरणगावात यावीत तशी ही कुटुंबं यायची.

आता मुख्य गोष्ट. या लोकांची वंशावळ साडेतीनशे वर्षं मागे जाऊ शकते, आणि तीही राजेरजवाड्यांची नव्हे, शेतकऱ्या-लोहारांची. याचं श्रेय एका कायद्याला जातं. फ्रान्समध्ये 1539 पासून पाद्र्यांना बाप्तिस्म्याची वही ठेवणं भाग होतं, 1579 मध्ये त्यात लग्न आणि दफन आलं. पुढे 1667 साली चौदाव्या लुईने फर्मान काढलं की वही दोन प्रतींत लिहायची. एक प्रत चर्चमध्ये राहील, दुसरी वर्ष संपलं की न्यायालयाच्या दप्तरात जमा होईल. क्वेबेकमध्ये हा नियम 1679 च्या सुमारास अमलात आला. तिथे चर्च लाकडाची, थंडी मरणाची आणि शेकोट्या अहोरात्र पेटलेल्या, त्यामुळे आगी नित्याच्या. चर्च जळालं तरी न्यायालयातली प्रत उरते, ही सगळी किमया त्या दुसऱ्या प्रतीची आहे.

दुसरी प्रत नसती तर काय होतं याचंही उदाहरण आहे. जून 1640 मध्ये क्वेबेकचं चर्च जळालं, त्यात तोवरच्या वह्या गेल्या. मग गावातल्या लोकांच्या आठवणीतून त्या पुन्हा लिहून काढल्या. म्हणून 1621 ते 1640 या काळातली एखादी नोंद हाती आली तर ती घटना घडली तेव्हा लिहिलेली नाही, हे ध्यानात ठेवायचं.

1763 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. मला वाटलं होतं, इथे दप्तर तुटणार. पण 1774 च्या क्वेबेक कायद्याने कॅथलिकांचा धर्म आणि त्यांचे दिवाणी कायदे कायम राहिले. पाद्र्याची वही हीच सरकारी जन्म-मृत्यूची नोंद असायची, आणि हे चक्क 1993 च्या अखेरीपर्यंत चाललं. 1 जानेवारी 1994 पासून सरकारी कार्यालयाने ते काम पूर्णपणे हाती घेतलं. म्हणजे एकाच प्रकारची वही, एकाच साच्यात, तीन शतकांहून अधिक काळ.

वहीत तीन प्रकारच्या नोंदी असतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन. शोध घेणारा नवखा माणूस जन्माच्या मागे लागतो. मीही लागले होते. पण या दप्तरात सगळा खेळ लग्नाच्या नोंदीचा आहे. पहिलं लग्न असेल तर नवऱ्याच्या आईबापांची नावं असतात, नवरीच्या आईबापांची असतात, आणि दोन्ही घरं कुठल्या पॅरिशमधली तेही. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. वसईकडचे ख्रिस्ती लोक त्याला धर्मग्राम म्हणतात, शब्द सुरेख आहे.) म्हणजे एक लग्न सापडलं की आदल्या पिढीच्या दोन जोड्या हातात आल्या. मग त्या जोड्यांची लग्नं शोधायची. लग्नावरून लग्नावर उडी मारत गेलं की दहा-अकरा उड्यांत माणूस सतराव्या शतकात पोचतो. बाप्तिस्मा आणि दफन नंतर सवडीने भरायचं. अडचण बिजवराच्या लग्नात येते. दुसरेपणाच्या नोंदीत आईबापांऐवजी बहुधा मागच्या जोडीदाराचं नाव असतं, 'अमकीचा विधुर', 'अमक्याची विधवा' असं. तेव्हा मागे जाऊन पहिलं लग्न शोधावं लागतं.

हे सगळं जमतं ते आणखी एका कारणाने. या वह्यांत बाई जन्मभर माहेरच्या आडनावाने वावरते. लग्नात, मुलांच्या बाप्तिस्म्यात, नवऱ्याच्या दफनात, स्वतःच्या दफनातसुद्धा. मला हे कळलं त्या रात्री मी कुलवृत्तांत पुन्हा उघडला. अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत. बायका? 'पत्नी लक्ष्मीबाई', 'पत्नी रमाबाई', तीही सासरी ठेवलेली नावं. माहेर शेवटच्या तीन पिढ्यांचं तेवढं. माझ्या सख्ख्या पणजीचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. सांगलीला मावशीला फोन केला, तिलाही आठवेना. "त्या मिरजेकडच्या होत्या एवढं खरं," म्हणाली. आणि इथे 1700 सालच्या एका निरक्षर शेतकरणीचं नाव, तिच्या आईचं नाव, आजीचं नाव ओळीने लिहिलेलं.

याचा व्यवहारात उपयोग असा: शोध एकट्या माणसाचा करू नका, जोडीचा करा. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे चार पुरुष असतात. पण नवऱ्याचं आडनाव आणि बायकोचं माहेरचं आडनाव एकत्र टाकलं तर तशी जोडी सहसा एकच निघते.

सुरुवात मात्र जवळून करायची, अमेरिकेतून. आजोबांचं मृत्युपत्रक, पणजोबांचं इथलं लग्न, जनगणनेची पानं. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी लग्ननोंदीत आईबापांची नावं मिळतात, पण जन्मस्थळ म्हणून नुसतं 'कॅनडा' लिहितात, जे 'गाव: भारत' इतपतच उपयोगाचं. त्याऐवजी गिरणीच्या गावातलं फ्रेंच चर्च गाठा. तिथला पाद्री बहुधा क्वेबेकचाच, तो पॅरिशचं नाव लिहून ठेवण्याची शक्यता बरीच जास्त.

अडथळा आडनावाचा. इकडे आल्यावर काहींनी आडनावांचं सरळ भाषांतर केलं. ब्वाव्हेर म्हणजे 'हिरवं रान', त्याचे झाले ग्रीनवुड. र्‍वाचे किंग, लब्लाँचे व्हाइट. कुर्तमाँश नावाच्या लोकांचे शॉर्टस्लीव्हज झाले! आखूड बाह्या. बाकीच्यांची नावं इंग्रज कारकुनाच्या कानाने ठरवली. लोएलमध्ये 1922 साली जन्मलेला लेखक जॅक केरुआक घ्या. त्याच्या जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग आहे किरुआक. त्याने 1965 मध्ये थेट फ्रान्स गाठून, पॅरिस आणि ब्रेस्टला जाऊन आपलं मूळ धुंडाळलं, हाती काही लागलं नाही. त्याचा मूळ पुरुष 1732 साली क्वेबेकमधल्या काप-सँतिन्यास इथे लग्न करताना भलतंच नाव सांगून उभा राहिला होता. तो मूळचा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या उएलग्वात गावचा ल बिआँ द केर्व्होआक, बाप चक्क दस्तऐवज लिहिणारा राजमान्य नोटरी. संशोधकांनी हा गुंता बऱ्याच वर्षांनी सोडवला. तेव्हा फ्रान्स शेवटी. आधी समुद्राच्या या बाजूचे सगळे दुवे जुळवायचे.

क्वेबेकमध्ये पोचल्यावर दुसरा चकवा भेटतो, 'दी'. लिहितात डी-आय-टी, उच्चार 'दी', अर्थ 'ऊर्फ'. 'उदाँ दी बोलियू', 'र्‍वा दी देझार्दँ' अशी जोडनावं. काही पलटणीतली टोपणनावं आहेत. लाफ्लर म्हणजे फूल, साँसूसी म्हणजे बिनघोर, जोलिकर म्हणजे दिलदार गडी. शिपायाला भरती होताना असं नाव मिळे आणि ते पुढे मुलाबाळांना चिकटे. काही नावं जमिनीवरून पडली, काही मूळ गावावरून. आपल्याकडे एकाच घराचे कुलकर्णी आणि गाववाले 'कर' निघतात तसंच हे. गंमत अशी की एक भाऊ पहिलं नाव चालवतो, दुसरा ऊर्फवालं. बाप्तिस्मा एका आडनावाने आणि लग्न दुसऱ्याने, हे तर सर्रास. माझ्या शोधात 1840 च्या दशकात एक माणूस जणू जमिनीतून उगवला होता, त्याचा बाप्तिस्माच कुठे सापडेना. दोन महिन्यांनी उलगडलं की तो वहीत होताच, ऊर्फच्या आधीच्या नावाने. आईबापांची जोडी जुळली आणि बाप्तिस्म्याला उभी राहिलेली धर्ममाता त्याची मावशी निघाली, तेव्हा खात्री पटली. आडनावांच्या 'दी' याद्या तयार मिळतात, त्या पहिल्याच दिवशी बघून घ्याव्यात. मी बघितल्या नव्हत्या.

आता प्रत्यक्ष पान. पहिल्यांदा पडद्यावर उघडलं तेव्हा वाटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. पण आजोबांच्या मोडीतल्या कागदांनी एक शिकवलं होतं. अक्षर वाचण्याआधी मायना वाचायचा. मोडी पत्र कुठे सुरू होतं, कुठे 'विशेष' येतं, कुठे संपतं, हे ठाऊक असलं की निम्मं पत्र न वाचताच कळतं. इथेही तोच प्रकार. साचा ठरलेला: आधी तारीख, सगळी अक्षरी, मग 'मी खाली सही करणारा पाद्री', मग बाळाचं नाव, 'अमक्या-तमकीच्या विधिवत विवाहातून', मग जन्म कधी, 'आज', 'काल', 'परवा', मग धर्मपिता, धर्ममाता, आणि शेवटी सह्या, किंवा 'विचारता सही येत नाही असे सांगितले'. वीस-पंचवीस फ्रेंच शब्द पाठ केले की बस. समासात बहुधा एक अक्षर आणि आडनाव असतं. बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे मारियाज, लग्न, आणि एस म्हणजे सेप्युल्त्युर, दफन. समास चाळत जायचं, मजकूर नंतर.

महिन्यांत हमखास फसायला होतं. सातचा आकडा आणि पुढे 'ब्र' लिहिलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. सेप्त म्हणजे सात, म्हणून. 'आठ-ब्र' ऑक्टोबर, 'नऊ-ब्र' नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे एक्स लिहून 'ब्र' असेल तर डिसेंबर. गोव्यातले जुने पोर्तुगीज कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही 'सात-ब्रु', 'आठ-ब्रु' अशीच तऱ्हा आहे. तारखेची दुसरी कटकट नाही. इंग्रजांनी 1752 मध्ये पंचांग बदललं तसा गोंधळ इथे नाही, कारण फ्रान्सने ते 1582 मध्येच बदललं होतं.

आणखी एक छोटा शब्द, 'फ्यू'. नावाआधी येतो, आणि त्याचा अर्थ 'कै.' मी पहिले काही आठवडे ते माणसाचं नाव समजत होते आणि या घराण्यात इतके फ्यू कसे, म्हणून चकित होत होते. खरं तर तो फार कामाचा शब्द. 1721 च्या लग्नात नवरीच्या बापाआधी 'फ्यू' असेल, तर त्याचं दफन 1721 च्या मागे शोधायचं. तसंच 'सज्ञान' आणि 'अज्ञान' हे शब्द. सज्ञान होण्याचं वय 1782 पर्यंत 25 होतं, पुढे 21. वय लिहिलेलं नसलं तरी अदमास बांधता येतो. दफनातल्या वयावर मात्र विसंबू नका. 'वय सुमारे 80' म्हणजे पाद्र्याला म्हातारा बराच म्हातारा वाटला, इतकंच.

आणि नावं. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी आणि मुलाच्या आधी जोझेफ लावलेलं दिसतं. घरात हाक मारायचे ते तिसऱ्याच नावाने आणि जनगणनेतही तेच येई. आपल्या पत्रिकेतल्या रासनावाची गोष्ट. तेव्हा 'मारी' सापडली म्हणून हुरळून जाऊ नये.

लग्न कुठे शोधायचं? नवरीच्या गावी. लग्न शक्यतो मुलीच्या पॅरिशमध्येच लागे. कधी शोधायचं? त्यांचीही लग्नसराई असते. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस आणि नाताळआधीचे काही आठवडे हा त्यांचा चातुर्मास, लग्नं बंद. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबरची पानं भरलेली असतात, शेतीची कामं नाहीत हेही आहेच. सूची नसलेली वही चाळायची वेळ आली तर आधी हे महिने उघडावेत. पॅरिशच्या सीमा मात्र बदलत राहतात. नवी वस्ती झाली, चर्च उभं राहिलं नाही, तोवर माणसं जुन्या गावीच जात, नाहीतर फिरता पाद्री येई तेव्हा नोंद होई. साग्ने नदीचं खोरं वसाहतीसाठी 1838 मध्ये खुलं झालं, आणि तिथे गेलेली बहुतेक घरं ला मालबे, बेए-सँ-पोल या भागातली. साग्नेचा माणूस 1838 च्या मागे साग्नेत शोधत बसलं तर जन्म जाईल.

लग्नाच्या नोंदीतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे सूट. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा व्हायचा, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. जवळच्या नात्यात लग्न असेल तर बिशपकडून परवानगी आणावी लागे. आपल्याकडे सपिंड मोजतात तसं तिथे चार पिढ्यांपर्यंत मोजत. नोंदीत 'तिसऱ्या ते चौथ्या पायरीच्या रक्तसंबंधाची सूट' असं लिहिलेलं असेल, तर दोघांचा पूर्वज एकच, एकापासून तीन पिढ्यांवर, दुसऱ्यापासून चार. दुसरी पायरी म्हणजे सख्खे चुलत-मामे भावंडं, तिसरी म्हणजे त्यांची मुलं, चौथी म्हणजे नातवंडं. लहान वस्तीत हे होणारच होतं. जावयाच्या वंशवृक्षात एक जोडपं मला तीन वेगवेगळ्या फांद्यांवर भेटलं. पण हाच आकडा पडताळ्याचं साधन होतो. तुम्ही मांडलेल्या झाडात तो पूर्वज त्या पायरीवर निघाला नाही तर कुठेतरी चूक आहे. माझी निघाली. सख्ख्या भावांची अदलाबदल केली होती.

आता ही दप्तरं मिळतात कुठे. फुकटात पाहायची तर फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ. क्वेबेकच्या कॅथलिक वह्यांच्या 1621 पासूनच्या प्रतिमा तिथे आहेत, नुसतं खातं उघडावं लागतं. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर न्यायालयीन प्रती मिळतात. शंभर वर्षांच्या आतलं मात्र खासगी, ते नातेवाइकांनाही रीतसर अर्ज करूनच. पैसे मोजायची तयारी असेल तर 'द्रुएँ' हा शब्द लक्षात ठेवा. जोझेफ द्रुएँ नावाच्या वकिलाने 1899 साली हा वंशावळीचा धंदा सुरू केला, पैसे घ्यायचे आणि घराण्याची वंशावळ करून द्यायची. त्यांच्या मुलाने, गाब्रिएल यांनी, 1940 च्या दशकात प्रांतभरातल्या वह्यांची मायक्रोफिल्म काढून घेतली, बरीचशी न्यायालयातल्या प्रतींवरून. हेतू धंद्याचा होता, पण आज त्या फिती म्हणजे ठेवा आहे. त्या आता अँसेस्ट्री या संकेतस्थळावर आणि द्रुएँ संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि त्यांत न्यू इंग्लंडमधल्या काही फ्रेंच चर्चच्या वह्याही आहेत.

माँट्रियल विद्यापीठाने 1966 मध्ये आणखी धाडसी काम हाती घेतलं. 1800 च्या आधीच्या सुमारे 7 लाख नोंदी एकेक करून उतरवल्या आणि त्यांतून सगळी लोकसंख्याच पुन्हा जुळवली, कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको. पीआरडीएच या आद्याक्षरांनी तो प्रकल्प ओळखला जातो, वर्गणी थोडी आहे, आणि अठराव्या शतकात पोचलात की ती वसूल होते. त्याआधी हे काम एका पाद्र्याने एकट्याने केलं होतं. सिप्रियाँ ताँग्ये यांनी 1871 ते 1890 या काळात सात खंडांचा वंशकोश छापला. त्यात चुका पुष्कळ आहेत, पण चर्चाचर्चांतून हिंडून एका माणसाने हाताने केलेलं काम आहे ते. कुलवृत्तांतासाठी गावोगाव पत्रं लिहीत बसणारे आपले निवृत्त मास्तर आठवतात.

सूची किंवा कोश कितीही चांगला असो, मूळ पान बघितल्याशिवाय नाव झाडावर चढवू नका. सूची करणाऱ्याने आडनाव चुकीचं वाचलेलं असतं. 'पूर्वीची विधवा' गाळलेलं असतं. आणि मूळ म्हणजे दोन्ही मूळं. दुसरी प्रत पाद्री वर्षअखेरीस नक्कल करून काढी. कंटाळा आला की ओळ सुटे, चर्चच्या प्रतीवर खऱ्या सह्या असत आणि नकलेत पाद्र्याच्याच हाताने लिहिलेली नावं. सही असलेली प्रत मिळाली तर ती आधी बघा. सह्यांनी माणसं ओळखता येतात.

या वह्या सगळ्यांशी सारख्या वागल्या असं मात्र नाही. 1709 मध्ये वसाहतीच्या अधिकाऱ्याने गुलामगिरी कायदेशीर ठरवली. तेव्हापासून 'पानी' असा शब्द लावलेली माणसं वहीत वारंवार दिसतात. हे पकडून आणलेले मूळनिवासी, गुलाम. त्यांच्या नोंदीत बहुधा फक्त एक ख्रिस्ती नाव, अंदाजे वय आणि मालकाचं नाव. आई नाही, बाप नाही, गाव नाही. आफ्रिकी गुलामांचंही तेच. ज्या दप्तराने शेतकऱ्याच्या आजीचं माहेर जपलं, त्याच दप्तरात पुढच्याच ओळीला हे आहे. अशा माणसाच्या वंशजाला लग्नावरून लग्नावर उड्या मारता येत नाहीत.

अकादी, म्हणजे आजच्या नोव्हा स्कॉशियाकडचे फ्रेंच, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून उठवून जहाजांत कोंबून दूर पाठवलं. बऱ्याच वह्या त्या धामधुमीत गेल्या. पोर्ट-रॉयलच्या 1702 ते 1755 च्या वाचल्या, त्या हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात आहेत. ग्राँ-प्रेच्या चर्चच्या वह्या मात्र निर्वासितांनी बरोबर नेल्या, आणि त्या आज हजारो किलोमीटरवर लुईझियानातल्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. चारचौघांच्या गाठोड्यात अन्न आणि कपडे असताना कुणीतरी वही उचलली होती. तुमची माणसं अकादीची असतील, तर उत्तर उत्तरेला नसून दक्षिणेला असू शकतं.

चर्चची नोंद मुळीच सापडली नाही तर नोटरीकडे जायचं. लग्नाआधी दोन्ही घरं नोटरीपुढे करार करत, देणंघेणं ठरवत, आणि त्यात आईबापांची नावं येत. नोटऱ्यांची दप्तरंही अभिलेखागारात आहेत. ही वाट लांबची, अक्षर वाईट, पण सतराव्या शतकात कित्येकदा हीच एक वाट उरते.

जावयाची सर्वांत जुनी बाई मला 1671 च्या एका नोंदीत मिळाली, क्वेबेक शहरात. ती राजाची लेक, पॅरिसची. आईबापांची नावं आहेत, पॅरिशचं नाव आहे. पुढे रस्ता बंद. 1871 च्या मे महिन्यात, कम्यून या बंडखोर नगरसरकारच्या पाडावाच्या दंगलीत, पॅरिसचा नगरवाडा जळाला आणि न्यायमंदिरही जळालं. एका इमारतीत एक प्रत होती, दुसरीत दुसरी. दोन प्रतींचा नियम ज्या देशाने काढला, त्याच्या राजधानीतच दोन्ही प्रती एकाच आठवड्यात गेल्या.

तिचा नवरा ला रोशेलजवळच्या खेड्यातला. तिकडच्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराने वह्यांच्या प्रतिमा फुकट उघड्या ठेवल्या आहेत. सूची नाही, समासात अक्षरं नाहीत, आणि पाद्र्याची शाई पाणी घातलेली. नातीचा तक्ता केव्हाच शाळेतून परत येऊन तिच्या खोलीत लागला. मी रोज रात्री जेवणानंतर चार पानं वाचते. सध्या 1644 च्या मार्चमध्ये आहे.